अकरा एकांचे लिंबाजीअप्पा

कालव्याच्या शाखेत मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी लिंबाजीअप्पांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, 'रोज जाऊन-येऊन करणार का इथंच राहणार' हेही विचारलं नाही. आमच्या भागात नव्या माणसाला हे तीन प्रश्न चहा येण्याआधी विचारतात. अप्पांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भागाकार येतो का?"

"येतो की," मी म्हणालो.

"मोठा?"

"किती मोठा?"

त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. कागदावर एकाला एक लागून अकरा एक लिहिलेले होते. बाकी काही नाही. लांबून पाहिलं तर कुणीतरी कुंपणाच्या काठ्या रोवल्यात असं वाटावं.

"अकरा अरब, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा," अप्पा एका दमात म्हणाले. "याची तक्सीम करून राह्यलो."

तक्सीम म्हणजे भागाकार. अप्पांच्या पहिल्या चार यत्ता निजामाच्या अमलात झाल्या होत्या. पुढे मराठी शाळा आली, ते सातवी झाले, कालव्यावर मोजणीदार म्हणून लागले, पण भागाकार मात्र त्यांनी शेवटपर्यंत उर्दूतच केला.

आडनाव शेवटी मीच सांगितलं. मी 'मुळे' म्हणताच त्यांचा चेहरा असा उजळला, की माझ्या लग्नातही माझं आडनाव ऐकून कुणी इतकं खूश झालं नव्हतं. "मुळे! मंग तं तुमी घरचेच झाले. आपल्याला मूळच पाह्यजे."

मूळ संख्या कुठली, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही निःशेष भाग जात नाही, ती मूळ. दोन, तीन, पाच, सात, अकरा. अप्पांचा प्रश्न एवढाच होता, की हे अकरा एक मूळ आहेत का फुटतात. एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी माझ्याआधीचे दोन कारकून पळवून लावले होते. एकानं बदली मागून घेतली. दुसरा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन, कालवा ओढ्याखालून जातो त्या सायफनच्या कट्ट्यावर, उन्हात जाऊन बसायचा.

मला पळायची ताकद नव्हती. मी जालन्याहून रोज येत असे. सकाळी अंबडपर्यंत उभ्यानं, तिथून वडीगोद्रीपर्यंत नशिबानं, आणि फाट्यावरून शाखेपर्यंत पायी. ऑफिसात पोचलो की पाठ खुर्चीला लागायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहायची. असा दमलेला माणूस अप्पांसारख्याला फार सोयीचा असतो.

हा आकडा त्यांना कुठं भेटला, तेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शाखेत अकरा चौकीदार होते. हजेरीच्या पानावर प्रत्येकापुढे एक लिहायचा. एकदा अप्पांनी रजिस्टर आडवं धरलं आणि एकाखाली एक असलेले अकरा एक त्यांना एका ओळीत दिसले. "तवाच वाटलं, हा आकडा असा कितीक दिसापासून उभा हाय, अन् त्याला कुणी इचारलं बी न्हाई."

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. दोन एक म्हणजे अकरा, ते मूळच. एकशे अकरा फुटला, तीन गुणिले सदतीस. चार एक फुटले अकरानं. पाच एकांनी त्यांना आठ दिवस दमवलं आणि एक्केचाळिसानं फुटले. सात एकांना महिना लागला, तेव्हा दोनशे एकोणचाळीस सापडला. पुढचे दहा एकांपर्यंत सगळे फुटले. अकरा एकांना मात्र तडा जाईना.

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर आम्ही चहाला जायचो तेव्हा अप्पा उभ्या ट्रकांचे नंबर फोडायचे. एकदा एका ट्रकपुढे ते बराच वेळ मान वाकडी करून उभे राहिले. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "काय झालं, काका? टायर बसलं का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले, "एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव हाय."

ड्रायव्हरनं तरीही चारही बाजूंनी फिरून टायरं पाहिली. शेजारच्या ट्रकवर एकोणऐंशीशे एकोणीस होतं. अप्पांनी त्याच्या बंपरवर हलकेच हात ठेवला. "ही मूळ हाय," ते मला म्हणाले, लग्नघरात कुणाची ओळख करून द्यावी तसं.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. तरुण होते, नवीन होते, खिशात कॅल्क्युलेटर होता. अप्पांनी पाणीपट्टीचे तक्ते दाखवता दाखवता अकरा एक पुढे केले. साहेब हसून म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात? यात टाकायचं." त्यांनी बटणं दाबायला घेतली. एक, एक, एक. आठव्या एकानंतर आकडा थांबला. साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा आठच.

"मावत न्हाई, साहेब," अप्पा अतिशय आदरानं म्हणाले. "मी बी पाह्यलं. जालन्याच्या दुकानात जाऊन पाह्यलं. मशिनीत मावत न्हाई."

साहेबांनी त्या दिवशी तपासणी लवकर आटोपली.

भागून कुठवर पाहायचं, हे मीच एकदा त्यांना विचारलं. विचारलं ते कुतूहलानं नव्हे. शेवट कुठं आहे ते कळावं म्हणून. अप्पा म्हणाले, "दोन भावांत वाटणी झाली, तं एकाला तरी ल्हान तुकडा येतोच. ल्हान भाऊ सापडला की मोठा आपसूक सापडला. ल्हान भाऊ लईत लई एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत जाईल. तिथवर पाह्यचं, बस."

एक लाख पाच हजारांपर्यंतच्या मूळ संख्या होतात दहा हजारांच्या वर. त्यांची यादीसुद्धा त्यांनी स्वतःच केली होती. रद्दीत निघालेल्या रजिस्टरांच्या पाठकोऱ्या पानांवर आकडे मांडून, दर तिसरा काट, दर पाचवा काट, दर सातवा काट, असं करत करत. आणि मग जो उरेल त्यानं अकरा एकांना भागायचं. दिवसाला चार, कधी सहा. प्रत्येकापुढे बाकी लिहायची. भागाकार संपला की पेन ठेवून म्हणायचे, "उरलं बगा." हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की अजून ताटात भाजी राहिली तरी तोंडात तेच येतं.

मी रुजू झालो तेव्हा ते चौदा हजारांत होते. वीस हजारांना पोचले तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले. एके दुपारी डब्यावर बसलो असताना त्यांनी एक कागद माझ्याकडे दिला. वीस हजार अकरापासून पुढच्या वीस मूळ संख्या.

"आठवड्याला एवढे तुमी घ्या," ते म्हणाले. "तुमचा आकडा सुबक हाय. वीस हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत तुमचे. तवर मी पुढले करतो, डोळ्याला झेपल तसे. पुढं पाहू निम्मे निम्मे."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायला जोर लागतो. मी कागद पिशवीत टाकला.

पहिले सहा मी घरी खरे केले. जेवण झाल्यावर पाट मांडून बसलो तेव्हा बायकोनं विचारलं, "ऑफिसचं आहे का?" मी 'हो' म्हणालो, तेवढ्यापुरतं. सातव्याला झोप आली. आठवडा संपला त्या सकाळी अंबडच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, तेव्हा कागद मांडीवर घेतला आणि उरलेल्या चौदा जणांपुढे मनाला येईल ती बाकी लिहून टाकली.

ते फार सोपं निघालं. पुढच्या आठवड्यात मी वीसच्या वीस खोटे लिहिले. त्याच्या पुढच्यातही. खोट्यालाही अक्कल लागते, हे मी हळूहळू शिकलो. सगळ्या बाक्या सम आल्या तर संशय येतो. शेवटी सारखं पाच येऊन चालत नाही. कुठं कुठं एक खोडून दुरुस्त केल्यासारखं दाखवावं, म्हणजे मेहनत दिसते. अप्पा कागद घ्यायचे, डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. "बराबर," म्हणायचे. आणि डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवायचे.

अशी वर्षं गेली. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. दिसायला लागलं, पण माझा वाटा तसाच राहिला. पंचवीस हजार संपले, पन्नास झाले, ऐंशी झाले. मी इमानानं खोटं लिहीत राहिलो. वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. पाणी सोडायच्या दोन आवर्तनांच्या मधे कालवा कोरडा असे, ऑफिसात काम नसे, ऊन मात्र असे. कुणाच्या आकड्यात एवढं काय अडलंय, असं मी स्वतःला म्हणायचो आणि डोळे मिटायचो.

एक लाख पाच हजार चारशे नऊची हद्द आली ती अप्पांच्या निवृत्तीच्या जेमतेम महिनाभर आधी. मला वाटलं, आता पेढे निघणार. अप्पांनी रजिस्टर मिटलं आणि चहा मागवला.

"मंग अप्पा? मूळच का?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "सगळं भागून झालं," म्हणाले. "आता तुमी म्हणान ते."

निरोपसमारंभात शाल, नारळ झालं. अप्पा दोन शब्द बोलायला उठले तेव्हा चौकीदारांनी एकमेकांकडे पाहिलं, आता तासभर सुटका नाही म्हणून. पण ते आकड्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. "मुळे साहेबांनी लई साथ दिली," एवढं म्हणून खाली बसले. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच कौतुकाला टाळ्या वाजवतोय हे नंतर लक्षात आलं.

ते घनसावंगीला आपल्या घरी गेले. मीही पुढे जालन्याच्या ऑफिसात आलो. भेटायचं राहूनच गेलं.

त्यानंतर काही वर्षांनी आम्हा कारकुनांना संगणक शिकायची सक्ती झाली. पन्नाशीतली पंधरा-वीस माणसं, वाचायचे चष्मे घरी विसरलेली, त्या थंडगार खोलीत बसून उंदीर हलवायला शिकत होती. शिकवणारे मास्तर उत्साही होते. एक दिवस म्हणाले, "हा प्रोग्रॅम कुठलाही आकडा फोडून दाखवतो. सांगा, केवढाही मोठा."

मोठा आकडा असा ऐनवेळी कुणाला आठवत नाही. मला एकच येत होता.

मास्तरांनी अकरा वेळा एक दाबला आणि शेवटचं बटण दाबलं. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत उत्तर येऊन बसलं होतं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

"पुढचा कोण सांगतो?" मास्तर म्हणाले.

मी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासकडे पाहत राहिलो. वीस हजार ते पंचवीस हजार माझे होते. म्हणजे तो माझ्या पिशवीत येऊन गेला होता. अंबडच्या बसमध्ये, कधीतरी, मी त्याच्यापुढेही एक सुबक बाकी लिहिली होती. आणि त्यानंतर एका म्हाताऱ्या माणसानं ऐंशी हजार आकड्यांची वाट तुडवली होती, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, जे मागं राहिलं ते पुढं शोधत.

मी कितीतरी दिवस गेलो नाही. आज पाठ दुखते, उद्या पाहुणे आहेत. शेवटी एका रविवारी अंबडहून घनसावंगीच्या जीपमध्ये बसलो. बसलो म्हणजे, अठरा माणसांमध्ये माझाही एक भाग होता.

अप्पा घरी एकटेच होते. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, मुलगा पुण्याला कंपनीत. पार खंगले होते. मला पाहून त्यांनी आधी पाणी आणलं, मग चहा ठेवला. मी चहा होईपर्यंत थांबलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद, बस, बाक्या, संगणक. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.

अप्पांनी दूध उतू जाऊ नये म्हणून स्टोव्ह बारीक केला.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"समदंच. तुमचा पहिलाच कागद. भाजक वीस हजार एकशे एक, अन् बाकी लिवली चोवीस हजार. बाकी कधी भाजकापरीस मोठी राहती का, मुळे?"

अप्पांनी कपबशा काढल्या.

"तवाच म्हणलं, यानं केल्यालं न्हाई. मंग तुमचे समदे मी परत केले. ऐतवारी करायचो. कालव्याच्या कॉलनीत राह्यचो, तिथं ऐतवारी कोण राह्यतं? समदे गावाकडं जायचे. भिंग घेऊन बसायचो. ऐतवार निघून जायचा."

"म्हणजे एकवीस हजार..."

"सहाशे एकोणपन्नास. ऐतवारच व्हता. खाली शून्य आलं. मला वाटलं, डोळ्याचा घोटाळा. तीनदा केलं, तीनदा शून्य. मंग मोठा भाऊ फोडून पाह्यला, तो बी मूळ. दोनच तुकडे, मुळे, दोघं बी मूळ." सांगताना त्यांचा आवाज थोडा वर गेला आणि पुन्हा खाली आला. "सांगावं म्हणून बाहीर आल्तो. कॉलनीत कुणी न्हाई. पाटाला पाणी सोडेल व्हतं. बराच वेळ पाटाच्या कडंला उभा राह्यलो."

"मग मला का नाही सांगितलं? दुसऱ्या दिवशी मी आलोच असेन."

"आल्ते ना. सांगायलाच उठलो व्हतो. तुमी डबा उघडला, अन् कंटाळल्यावानी म्हणले, 'अप्पा, अजून किती राह्यले?'" त्यांनी चहा गाळायला घेतला. "मी म्हणलो, लई राह्यले."

चहा गाळून झाल्यावर त्यांनी एक कप माझ्या हातात दिला.

"ते संपलं असतं, तं तुमी बी डबा घेऊन सायफनवर गेले असते," ते म्हणाले. "पह्यले दोघं गेलेच व्हते. तुमी खोटं लिवत व्हते, पर आणून देत व्हते. वीसच्या वीस, दर आठवड्याला. खोट्याला बी मेहनत लागती. कोण करतं एवढं?"

मी ते मेहनत म्हणून केलं नव्हतं. एकदाचं टळावं म्हणून केलं होतं. तेही मी त्यांना सांगून टाकलं. अप्पांनी मान हलवली. त्यांना तेही ठाऊक असावं.

निघताना ते जीपच्या अड्ड्यापर्यंत आले. जीप भरायला अजून सहा माणसं हवी होती. अप्पा काठीनं मातीत रेघा ओढत उभे होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढल्या ऐतवारी येता का? नुसतंच. काम काई न्हाई."

पुढच्या रविवारी मी गेलो. पाठ दुखत होती तरी गेलो. ओसरीवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि पहिला अर्धा तास आम्हाला बोलायलाच काही सापडेना. इतकी वर्षं एका टेबलावर काढलेली दोन माणसं, आणि मधे कागद नाही म्हणून दोघांचे हात मोकळे पडले होते. शेवटी भिंतीवरच्या एका फोटोकडे पाहत मी विचारलं, "वहिनी का या?"

"हां. तुमी यायच्या आधी तीन वर्षं गेली."

"नाव काय होतं?"

"पद्मिन," अप्पा म्हणाले. मग खुर्ची थोडी पुढे ओढून ते तिच्याबद्दल सांगायला लागले.